कानाला चिमटा आणि सरासरी रीडिंग

चौतीस वर्षं मी वीज मंडळात मीटर तपासले. ‘साहेब, आमचं मीटर पळतंय’ अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला मी एकच वाक्य ऐकवायचो, ‘मीटर खोटं बोलत नाही, घरात काय चाललंय ते बघा.’ समोरचा माणूस चडफडत निघून जायचा. त्यांतल्या एकाचा तरी तळतळाट मला लागला असणार. कारण मागच्या डिसेंबरात डॉक्टर पल्लवी गांगुर्डे यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, एकशे बासष्ट–अठ्ठ्याण्णव असा आकडा वाचला, आणि मी म्हणालो, “मॅडम, तुमचं यंत्र पळतंय.”

“यंत्र खोटं बोलत नाही, बोरस्तेकाका,” त्या म्हणाल्या. “घरात काय चाललंय ते सांगा.”

घरात काय चाललंय? घरात काहीच चाललेलं नाही, हीच तर भानगड आहे. ही जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी तृप्ती बंगळूरला, जावई हर्षल कंपनीच्या कामासाठी वर्षभर जर्मनीला. सकाळी चांगुणाबाई येऊन पोळी-भाजी करून जाते, मग दिवसभर मी आणि फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून आवाज तरी करतो. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मला छातीत धडधडायला लागतं आणि भीती वाटते. कशाची, ते मला सांगता येत नाही. घरात भीती वाटावी असं कुणी नाही. कुणीच नाही.

एवढं सगळं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. “धडधडतं थोडं,” एवढंच म्हणालो.

दोन गोळ्या बदलून झाल्या. पहिलीने असा खोकला लागला की वाचनालयातून मला बाहेर बसायला सांगितलं, आणि दुसरीने पाय सुजून चपला होईनात. तेव्हा डॉक्टरांनी ते यंत्र सुचवलं. कानाच्या भोकासमोर जो लहानसा उंचवटा असतो ना, तिथे एक चिमटा लावायचा. तिथून एक नस मेंदूकडे जाते आणि त्याच नसेची मोठी वाट खाली हृदयापर्यंत उतरते. रोज वीस मिनिटं तिला हलका करंट द्यायचा, म्हणजे घाबरलेलं शरीर जरा शांत होतं.

“याचे अभ्यास अजून चालू आहेत, मी खात्री देणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण तुमचा ईसीजी चांगला आहे. तीन महिने बघू. मीठ कमी, रोज चालणं, आणि रोज रीडिंग.”

जन्मभर करंट लागू नये म्हणून मी रबरी हातमोजे घातले. आणि आता चिठ्ठीवर लिहून दिलेला करंट घ्यायचा, तोही कानाला! पण मी कबूल झालो, आणि त्याचं खरं कारण यंत्र नव्हतंच. बीपी निघाल्याचं कळल्यापासून तृप्ती रोज संध्याकाळी साडेसातला फोन करायला लागली होती. आधी फक्त रविवारी करायची. आता रोज ‘पप्पा, आजचं रीडिंग?’ असं विचारायची आणि मग पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलायची. रीडिंगबद्दल इतक्या आपुलकीने मला मंडळाच्या अधीक्षक अभियंत्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

यंत्र कुरिअरने आलं. गेटवर आमचा वॉचमन यादव आहे. त्याने खोक्यावर ‘विद्युत उपकरण’ वाचलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी लागेल म्हणून ते अडवून ठेवलं. सेक्रेटरी मुलीकडे मनमाडला गेलेले. दोन दिवस माझी मनःशांती पार्किंगमध्ये एका खुर्चीखाली पडून होती. शेवटी मी खाली जाऊन यादवला सांगितलं, की बाबा रे, याने बिल्डिंगचा फ्यूज उडणार नाही, उडाला तर माझाच उडेल. तेव्हा त्याने रजिस्टरवर माझ्या दोन सह्या घेतल्या.

खरी अडचण पुढे होती. यंत्र चालू करायचं तर मोबाइलवर कंपनीच्या ॲपमध्ये माहिती भरायला लागते. नाव, वय, वजन, डाव्या कानाचा फोटो. स्वतःच्या कानाचा फोटो स्वतः काढून बघा एकदा. माझ्याकडे आता छताच्या पंख्याचे अकरा उत्तम फोटो आहेत. कान झाला, तर पुढचा रकाना आला: तातडीच्या वेळी संपर्क करायच्या दोन व्यक्ती. पहिली, तृप्ती. दुसरी?

दुसरा रकाना मोकळा ठेवून मी बटण दाबलं. ॲप म्हणालं, ‘कृपया सर्व माहिती भरा.’ पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पुन्हा तृप्तीच लिहिलं, तर म्हणे ‘ही व्यक्ती आधीच नोंदवलेली आहे.’ मोबाइलमध्ये दोनशे सोळा नंबर आहेत. गॅसवाला, नळवाला, पेन्शनवाला, वारलेले चौघे. पाऊण तास मी ती यादी वर-खाली करत बसलो होतो. शेवटी समोरच्या दाराकडे बघितलं आणि सहादू आहेर हे नाव भरलं.

आहेर म्हणजे सटाण्याचे कांद्याचे व्यापारी, आता धंदा मुलांवर सोपवून नाशकात आलेले. आवाज मार्केट यार्डातला, तो काही त्यांनी मुलांवर सोपवलेला नाही. सहा वर्षं आमची ओळख लिफ्टपुरती. तरी नाव घातलंय म्हटल्यावर सांगायला गेलो.

“मना नंबर दिधा? बेस करं, भाऊ!” ते खूश होऊन आपल्या अहिराणीत म्हणाले. “पण ते यंत्र-बिंत्र जाऊ द्या. कच्चा कांदा खा. माझा बाप नव्वद वर्षं जगला.”

“त्यांना बीपी होतं?”

“कोणी मोजलं व्हतं का?” आहेर म्हणाले. यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

मग मी रीतसर उपचार सुरू केले. संध्याकाळी बीपीच्या यंत्रावर रीडिंग घेऊन ॲपमध्ये भरायचं, ते तृप्तीलाही तिच्या मोबाइलवर दिसायचं. सकाळी आठला खुर्चीत ताठ बसायचं, चिमटा कानाला लावायचा, बटण दाबायचं. कानात मुंग्या चालल्यासारखं वाटतं, दुखत नाही. चांगुणाबाईने पहिल्या दिवशी पोळी लाटता लाटता पाहिलं आणि लाटणंच थांबलं.

“काका, ह्या वयात कान टोचले व्हय?”

“अगं, उपचार आहे. करंटचा.”

“आमच्या गावाला एकाला लागला व्हता करंट,” ती म्हणाली. “लय शांत झाला तो. पार गेलाच.” आणि पुन्हा लाटायला लागली.

एकदा चिमटा काढायचा विसरून मी खाली दूध आणायला गेलो. सोसायटीत बातमी झाली की बोरस्ते आता भिकबाळी घालतात. एका बाईंनी तर, एकटा माणूस आहे, हौस करणारच, असंही म्हटलं म्हणे. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नातसुद्धा अंगठी अर्ध्या दिवसात काढून ठेवली, त्याच्याबद्दल हे बोलणं! मी आठवडाभर कानटोपी घालून हिंडलो. मार्च महिना होता.

पण सांगायची गोष्ट अशी, की गुण आला. चिमट्याने आला, की लोणचं-पापड सुटल्याने, की रोज सकाळी गोदावरीच्या काठाने तासभर चालल्याने, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. एकशे पन्नास झालं, मग एकशे अडतीस, आणि एके दिवशी एकशे अठ्ठावीस–ब्याऐंशी. मी स्वतः तीनदा मोजलं. नियमच आहे तसा. संध्याकाळी तृप्तीला सांगितलं तर ती ओरडलीच, “पप्पा, सुपर! आता मला टेन्शन नाही.”

तिला टेन्शन नाही म्हटल्यावर काय होणार? दुसऱ्या दिवशी फोन दोन मिनिटांत आटोपला. त्याच्या पुढच्या दिवशी फोन नाहीच, ‘ॲपवर पाहिलं, मस्त’ असा मेसेज. मग नुसता अंगठा. आठ दिवसांनी अंगठाही बंद झाला आणि आम्ही पुन्हा रविवारवर आलो. त्या रविवारीही ती म्हणाली, “पप्पा, एक कॉल येतोय, नंतर करते.” नंतर म्हणजे पुढचा रविवार.

मला राग आला का? नाही. पोरीचं चुकलं काय? मीटर सुरळीत चालू असलं की कोण कशाला येतं बघायला? मी स्वतः चौतीस वर्षांत एकाही चांगल्या चालणाऱ्या मीटरची चौकशी केलेली नाही. पण साडेसात वाजले की मी फोन टीपॉयवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसायचो. पावणेआठ. आठ. मग उठून एकट्यासाठी खिचडी टाकायचो. मला फार वाईट वाटायचं, हे इथे लिहून टाकतो, कारण त्याशिवाय पुढचा गुन्हा कुणाला कळायचा नाही.

आमच्या खात्यात एक पद्धत असते. रीडिंग घ्यायला माणूस गेला आणि घराला कुलूप असलं, तर पुन्हा जायचं. तीनदा जायचं. तिसऱ्यांदाही कुलूप असलं तर मागच्या रीडिंगांची सरासरी काढून तो आकडा टाकायचा आणि शेरा मारायचा, ‘घर बंद’. यात खोटं काही नाही. नियमात बसतं.

तर एका संध्याकाळी मी ॲप उघडलं. रीडिंग होतं एकशे सव्वीस–ऐंशी. मी वही काढली, डिसेंबर ते फेब्रुवारीचे आकडे मांडले आणि सरासरी काढली. एकशे अठ्ठावन्न–शहाण्णव. ती भरली. आयुष्यात पहिल्यांदा मी चालू मीटरचं रीडिंग सोडून सरासरी टाकत होतो.

तीन मिनिटांत फोन. “पप्पा! काय झालं? लोणचं खाल्लंत ना?” बावीस मिनिटं बोलली. शेजारच्या रस्त्यावरच्या कुत्र्यापासून तिच्या ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळं. झोपही छान लागली मला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी तोच आकडा. तिसऱ्या दिवशी तोच. सरासरी एकदा काढली की बदलत नसते, हे माझ्या हाडात मुरलेलं. नऊ दिवस मी एकशे अठ्ठावन्न–शहाण्णव भरत होतो, आणि नऊ दिवस साडेसातला फोन वाजत होता. प्रकृती उत्तम. डॉक्टरांची तपासणी महिनाअखेरीला होती, ते तेव्हा बघू म्हटलं.

विसरलो ते आहेरांना. दहाव्या दिवशी सकाळी ॲपने दोन्ही संपर्कांना संदेश धाडला, ‘आपल्या व्यक्तीचा रक्तदाब सलग नऊ दिवस धोक्याच्या पातळीवर आहे. कृपया त्वरित लक्ष द्या.’ आहेरांना सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं, आणि ते काम त्यांनी मार्केट यार्डाच्या ताकदीने केलं. त्यांनी बेल वाजवली. दार उघडेना. फोन केला, तर आतून वाजला. कारण मी तो चार्जिंगला लावून नदीकाठी चालायला गेलो होतो, आणि परत येताना भाजीला थांबलो होतो.

तासाभराने कोथिंबिरीची जुडी घेऊन मी वर आलो, तर माझं दार सताड उघडं. लॅच उचकटलेला. दारात चौदा चपला. आत सोफ्यावर चार बायका, त्यांतल्या एकीच्या डोळ्यांना पदर. यादव पंख्याचं बटण शोधत होता. स्वयंपाकघरात कुणीतरी आमच्या मोठ्या पातेल्यात चहा टाकला होता. ते पातेलं तीन वर्षांत खाली उतरलं नव्हतं. आणि आहेर माझ्या पलंगाखाली वाकून बघत होते.

“कुणाला शोधताय?” मी विचारलं.

“बोरस्ते भाऊला,” ते खालूनच म्हणाले, मग वर बघून दचकले. “कुठे होता तुम्ही? आम्ही बाथरूमचं दार बी तोडणार व्हतो!”

“सोळा रुपयांना जुडी,” मी म्हणालो. घाबरलं की माणूस काहीही बोलतो.

मग सगळे मला रागावले. मी दिसत होतो ठणठणीत, याचा त्यांना जरा संतापच आला होता. एकीने नारळपाणी पाजलं, दुसरीने पाय वर करून निजवलं, स्वतःच्या घरात मी कुठे बसायचं ते आहेरांनी ठरवलं. माझ्या इभ्रतीचं पार भरीत झालं. आणि तरी सांगतो, घर इतकं भरलेलं बघून मला रडू यायला लागलं, ते बीपीमुळे आलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मी कुणाला सांगायला गेलो नाही. चहा मात्र गोड झाला होता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण संदेश दोघांना गेला होता. संध्याकाळच्या विमानाने तृप्ती आली.

बॅग खाली ठेवली नाही, पाणी घेतलं नाही. पर्समधून स्वतःचं नवं कोरं बीपीचं यंत्र काढलं आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला. आमच्या खात्यात याला चेक मीटर म्हणतात. जुन्या मीटरवर संशय आला की शेजारी दुसरं लावून बघायचं. तेही मीच तिला लहानपणी शिकवलं होतं. सुट्टीत ती माझ्या कचेरीत बसून रीडिंगच्या तक्त्यांवर लाल पेन्सिलने खुणा करायची.

एकशे चोवीस–अठ्ठ्याहत्तर.

तिने पुन्हा मोजलं. मग मोबाइलवर ॲप उघडून बोट वर सरकवत गेली. नऊ ओळी. मी कोथिंबीर निवडायला घेतली.

“पप्पा,” ती हळू म्हणाली, “नऊ दिवस एकच आकडा. ही सरासरी आहे.”

मी निवडलेलीच एक काडी पुन्हा निवडली.

“सरासरी कधी टाकतात, तुम्हीच शिकवलं होतंत. घर बंद होतं का?”

“घर बंद नव्हतं गं,” मी म्हणालो. “मी आतच होतो. कुणी बेल वाजवत नव्हतं.”

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. तोंड वळवून खिडकीकडे बघत बसली. तो शांतपणा मला सोसेना, म्हणून मी आपला खात्याचा आधार घेतला. म्हटलं, तुझं यंत्र नवं आहे, नव्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो, दुसऱ्या ग्राहकावर तपासून बघावं. आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला.

एकशे अठ्ठेचाळीस–चौऱ्याण्णव.

“बिघडलंय,” मी म्हणालो. माझं बीपीचं यंत्र आणलं, ते लावलं. तोच आकडा.

“धावत आले ना, म्हणून,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “पप्पा, मला पण संध्याकाळी सातला धडधडतं. हर्षल गेल्यापासून. ऑफिसमधून येते, कुलूप उघडते, आणि आत जावंसंच वाटत नाही.”

इतके दिवस मी रोज माझंच रीडिंग सांगत होतो. बावीस-बावीस मिनिटं. कुत्रा, साहेब, हवापाणी. तिचं विचारलं नव्हतं. मीटर तपासणारा माणूस मी, आणि माझ्या पोरीच्या मीटरकडे माझं लक्ष नव्हतं. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गांगुर्डे यांच्याकडे दोघंही गेलो. आधी त्या मला बोलल्या, चांगली दहा मिनिटं, आणि त्यांचं बरोबर होतं. मग तृप्तीला तपासलं. एका रीडिंगवर काही ठरत नाही म्हणाल्या, बंगळूरला डॉक्टरांना दाखव, महिनाभर रोज मोज. कानाच्या चिमट्याचं मग बघू. घरी येऊन तिने ॲपमध्ये स्वतःचं खातं काढलं. तातडीचा पहिला संपर्क, हर्षल. दुसऱ्या रकान्यात काय लिहिलं ते तिने मला दाखवलं नाही, पण लगेच माझ्या फोनवर ॲपचा संदेश वाजला.

चार दिवस राहून ती गेली. आहेरांनी लॅच दुरुस्त करून दिला आणि किल्ली एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे, असं परस्पर ठरवून टाकलं. मी नको म्हटलं नाही.

आता रोज साडेसातला फोन मी करतो. वहीत दोन रकाने आखलेत, एक तिचा, एक माझा. पहिले बारा दिवस एकही खाडा नाही. तेराव्या दिवशी फोन नुसता वाजत राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा केला. ‘मीटिंग’ असा एक शब्द आला. मी पेन हातात घेऊन बसलो. तिची बारा दिवसांची सरासरी मला तोंडपाठ होती. बाहेर अंधार पडला होता आणि छातीत ती जुनी धडधड सुरू झाली होती. पण नियम म्हणजे नियम, तीनदा जायचं. सव्वाआठला तिसऱ्यांदा लावला.

“पप्पा, आत्ता आले घरात,” ती धापा टाकत म्हणाली. पट्टा बांधल्याचा चर्र आवाज आला. मी वाट पाहिली. “एकशे चव्वेचाळीस–ब्याण्णव. लिहिलंत? आणि तुमचं?”

“माझं घेतलं नाही अजून.”

“का?”

“तुझ्या फोनसाठी बसलो होतो.”

“मग घ्या आता. मी थांबते.”

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि पट्टा बांधला. रीडिंग घेताना बोलायचं नसतं, म्हणून दोघंही गप्प बसलो. तिच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. यंत्राने आकडा दाखवला. एकशे अठ्ठावीस–ब्याऐंशी.

“किती?” तिने विचारलं.

“पट्टा नीट लागला नव्हता,” मी म्हणालो. “परत घेतो.”

तक्त्यांवर लाल खुणा करणारी पोर आहे ती, तिला काय कळत नाही?

“घ्या,” ती म्हणाली. “सावकाश घ्या.”